कोलकाता डर्बी बघायला जायचंय? मग विमानाचं तिकीट सगळ्यात शेवटी

कोलकाता डर्बी म्हणजे मोहन बागान विरुद्ध ईस्ट बंगाल, कोलकात्याच्या दोन फुटबॉल क्लबांची मॅच, आणि ती होते ते सॉल्ट लेक स्टेडियम. कोलकात्यात सगळे युवाभारतीच म्हणतात. १९८४ साली सुरू झालं, आणि १३ जुलै १९९७ ला फेडरेशन कपच्या सेमीफायनलला इथे सव्वा लाखाच्या वर पब्लिक होतं, ईस्ट बंगालने मोहन बागानला ४-१ ने हरवलं, बायचुंग भुतियाची हॅटट्रिक! आता खुर्च्या बसवल्यात म्हणून ६८ हजारांच्या आसपास मावतात. तरी मुंबईत अंधेरीच्या अरेनात मॅच बघणाऱ्या आपल्यासारख्यांना आत शिरल्यावर दोन मिनिटं काही सुचत नाही.

पण प्लॅनिंग करताना एक गोष्ट आधी डोक्यात ठेवा, शेड्यूलमध्ये छापलेली तारीख म्हणजे नुसता अंदाज. डर्बीला पोलीस बंदोबस्त प्रचंड लागतो, आणि शहरात दुसरं काही मोठं असलं की पहिली गदा मॅचवरच. जानेवारी २०२५ ची आयएसएलमधली (इंडियन सुपर लीग) डर्बी गंगासागर मेळ्यामुळे थेट गुवाहाटीला गेली, म्हणजे ज्यांनी कोलकात्याची बुकिंग करून ठेवली असेल त्यांनी काय करायचं सांगा! त्याआधी ऑगस्ट २०२४ मध्ये ड्युरंड कपची डर्बी रद्दच झाली, आरजी कर हॉस्पिटलमधल्या डॉक्टर तरुणीवरच्या बलात्कार आणि खुनावरून शहर पेटलेलं होतं, आणि मॅच नाही तर नाही, दोन्हीकडचे फॅन एकत्र येऊन स्टेडियमबाहेर निदर्शनं करत होते. एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं ही, बरं का.

म्हणून रेल्वेचं तिकीट काढून ठेवा, वेळेत कॅन्सल केलं तर थोडेच पैसे जातात. मुंबईहून गीतांजली नाहीतर हावडा मेल, दीड दिवस गाडीत काढायची तयारी पाहिजे. हावड्याला उतरलात की आता टॅक्सीवाल्यांशी घासाघीस नको, तिथूनच मेट्रो पकडायची, हुगळीच्या खालून जाते आणि सॉल्ट लेक स्टेडियम नावाच्याच स्टेशनला सोडते. राहायला सियालदा बरं, तिथून ते दुसरंच स्टेशन.

मॅचचं तिकीट काढताना मात्र बाजू ठरवा, दोन्ही टीमचे स्टँड वेगळे असतात. हिरवा-मरून म्हणजे मोहन बागान, लाल-पिवळा म्हणजे ईस्ट बंगाल, आणि चुकीच्या स्टँडमध्ये चुकीचा रंग घालून बसू नका, प्लीज. न्यूट्रल असाल तर साधा पांढरा टीशर्ट. मैदानाभोवती धावण्याचा ट्रॅक आहे त्यामुळे खालच्या रांगांतून पलीकडच्या गोलपोस्टपाशी काय चाललंय ते धड कळत नाही, माझं मत विचाराल तर वरचीच सीट घ्या, स्वस्त असली तरी.

जेवणाचं काय? जिंकणाऱ्या बाजूने खा. ईस्ट बंगालवाल्यांचा हिलसा, मोहन बागानवाल्यांची कोळंबी, आणि ड्रॉ झाली तर दोन्ही मागवायला कोणी अडवलंय! फक्त मॅच रात्रीची असेल तर शेवटची मेट्रो किती वाजता ते आत जायच्या आधीच बघून ठेवा, कारण सगळं स्टेडियम एकदम त्याच स्टेशनवर उतरतं.