भडका उडण्याआधी

(दृश्य: फरशीवर तडा गेलेला मोबाइल. शेजारी चार्जरची वायर.)

कारण एवढंसंच, चार्जर जागेवर नव्हता. त्यावरून शिवीगाळ, आदळआपट. असा झटका सहसा अर्ध्या तासाच्या आत ओसरतो आणि मागे उरते शरम.

असे भडके वारंवार उडत असतील तर तो ‘इंटरमिटंट एक्सप्लोसिव्ह डिसऑर्डर’, म्हणजे अधूनमधून रागाचा स्फोट होण्याचा आजार असू शकतो. डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या २०१३ च्या निदान-नियमावलीत त्याचे निकष आहेत. इजा किंवा मोडतोड न होता उडालेले भडके तीन महिने, आठवड्याला सरासरी दोनदा. किंवा मोडतोड-मारहाणीपर्यंत गेलेले वर्षभरात तीन. डोक्याला मार, नशा, बायपोलर आजार यांतूनही असा राग येतो, त्यामुळे निदान डॉक्टरांवरच सोडावं.

(दृश्य: आवळलेला जबडा, अगदी जवळून.)

मेंदूतला अमिग्डला धोक्याची घंटा वाजवतो, ॲड्रेनलिन उसळतं, आणि आवर घालणारा कपाळामागचा भाग मागे पडतो. एकदा एवढं झालं की समजूत घालून उपयोग नाही. जे करायचं ते त्याआधी. कुणाचा जबडा आवळतो, कुणाचे कान तापतात, कुणाचा आवाज चढतो. आपली खूण कोणती, हे डोकं थंड असताना लिहून ठेवा.

ती जाणवली की एकच वाक्य: “मी बाहेर जातोय, अर्ध्या तासाने येतो, मग बोलू.” परत यायची वेळ सांगणं महत्त्वाचं, न सांगता दार आपटून गेलात तर भांडण मागोमाग येतं. बाहेर चार सेकंद श्वास आत, सहा सेकंद बाहेर. मात्र बहुतेकांचं फसतं ते इथेच: पाय चालतात आणि डोक्यात तोच वाद पुन्हा रंगतो. मग अर्ध्या तासानेही पारा तिथेच.

उशीवर गुद्दे मारून राग ‘मोकळा’ होतो, हा समज तर सोडाच. २०२४ मध्ये दीडशेहून अधिक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. शरीर शांत करणाऱ्या उपायांनी राग उतरला, धावण्याने नाही.

घरच्यांनी भडक्यात “शांत हो” म्हणू नये, वाट अडवू नये. हात उगारला गेला तर आधी मुलांना घेऊन सुरक्षित जागी जावं, गरज पडली तर पोलिसांना बोलवावं. आजार आहे म्हणून मार खायचा नसतो.

उपचारात विचार आणि वर्तन बदलणारी थेरपी मुख्य. काहींना फ्लुओक्सेटिनसारखं औषध देतात. त्याचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि ते मनाने बंद करायचं नसतं.