मधुमेहाचे निदान आणि किटो आहार : आधी गोळ्यांचा हिशेब

श्रोतेहो, नमस्कार.

उपाशीपोटीची साखर १२६ च्या वर, तीन महिन्यांची सरासरी सांगणारे एचबीए१सी साडेसहाच्या पुढे असे आकडे पुन्हा तपासूनही कायम राहिले आणि डॉक्टरांनी मधुमेहाचे निदान केले, की नातेवाइकांपासून शेजाऱ्यांपर्यंत प्रत्येक जण आहाराचा सल्ला देऊ लागतो. अलीकडे त्या सल्ल्यांत किटो आहाराचे नाव हमखास असते. हा आहार थोतांड म्हणून उडवून लावण्याजोगा नाही. मात्र भाकरी बंद करण्याआधी चालू गोळ्यांचा विचार व्हायला हवा, तो बहुधा होत नाही, आणि आज मला प्रामुख्याने त्याविषयी बोलायचे आहे.

किटो आहारात दिवसभरातली कर्बोदके, म्हणजे पिष्ट आणि साखर, साधारण २० ते ५० ग्रॅमवर आणली जातात, प्रथिने बेताची ठेवली जातात आणि जवळजवळ ७० टक्के किंवा त्याहूनही अधिक ऊर्जा स्निग्ध पदार्थांतून घेतली जाते. साखरेचा पुरवठा असा आटला, की यकृत चरबीपासून केटोन तयार करते आणि मेंदू व स्नायू त्यावर काम चालवतात. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी १९२१ मध्ये हा आहार सुचवला तो अपस्माराच्या रुग्णांसाठी. मधुमेहात कर्बोदके तोडण्याची रीत मात्र त्याहून जुनी आहे. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत पहिल्यांदा रुग्णाला इन्शुलिन टोचले गेले, तोपर्यंत डॉक्टरांच्या हाती कडक पथ्य आणि उपासमार याखेरीज फारसे काही नव्हते.

आता आपल्या ताटाकडे पाहू. पन्नास ग्रॅम पिठाच्या एका ज्वारीच्या भाकरीत सुमारे ३५ ग्रॅम कर्बोदके असतात, म्हणजे काटेकोर किटो पाळणाऱ्याचा दिवसभराचा वाटा एका भाकरीतच जवळपास संपतो. पोहे, भात आणि उपवासाची साबुदाण्याची खिचडी यांचा तर प्रश्नच उरत नाही. गुळाचा चहा साखरेच्या चहापेक्षा बरा, हीदेखील एक समजूतच आहे. अंडी, मासे, चिकन खाणाऱ्या घरात हे पथ्य त्यातल्या त्यात जमते. खरी अडचण शाकाहारी घरात होते, कारण आपली प्रथिने ज्या तुरीच्या वरणातून आणि मटकीच्या उसळीतून येतात, त्यांतच कर्बोदकेही भरपूर असतात. मग उरते ते पनीर, शेंगदाणे, खोबरे, मेथी, पालक, दोडका, वांगी आणि तेलतूप. त्यात चोथा कमी पडला, की बद्धकोष्ठाची तक्रार ठरलेलीच.

या आहाराने साखर उतरते का, याचे उत्तर होय असेच आहे. परंतु ती केवळ याच आहाराने उतरते, असे नाही. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात त्याच व्यक्तींना काही आठवडे किटो आणि काही आठवडे डाळी, फळे व अखंड धान्ये असलेला भूमध्यसागरी आहार देण्यात आला. एचबीए१सी दोन्हींमध्ये सारखेच सुधारले, मात्र हृदयाला अपायकारक असलेले एलडीएल कोलेस्टेरॉल किटोवर वाढले. ब्रिटनमधील डायरेक्ट या अभ्यासात तर दिवसाला साधारण ८५० कॅलरींचे पेयरूप जेवण काही महिने दिले गेले, ज्यात निम्म्याहून अधिक ऊर्जा कर्बोदकांचीच होती. तरीही वर्षाअखेर जवळजवळ निम्म्या रुग्णांची साखर औषधांशिवाय मधुमेहाच्या मर्यादेखाली होती, आणि ज्यांनी १५ किलो किंवा त्याहून अधिक वजन घटवले, त्यांच्यात हे प्रमाण ८६ टक्के होते. यकृतात आणि स्वादुपिंडात साठलेली चरबी उतरणे महत्त्वाचे आहे, मग ते कोणत्या ताटाने साधते हे ज्याच्या त्याच्या घरावर सोपवावे, असे माझे मत आहे.

आता गोळ्यांविषयी. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्याने जेवणातली कर्बोदके अचानक तोडली आणि डोस तोच ठेवला, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. घाम, थरथर, धडधड, गोंधळल्यासारखे होणे ही त्याची लक्षणे आहेत. मेटफॉर्मिन त्या मानाने सौम्य आहे. रक्तदाबाच्या गोळ्यांचाही विचार करावा लागतो, कारण पहिल्या आठवड्यात शरीरातले पाणी आणि मीठ झपाट्याने निघून जाते आणि उठताना चक्कर येते. (पहिल्या आठवड्यात वजनकाट्यावर दिसणारा आनंद बराचसा या पाण्याचाच असतो.)

सर्वांत सावध राहायचे ते डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या वर्गातल्या, लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्यांबाबत. त्या चालू असताना किटो केल्यास केटोन इतके साचू शकतात की रक्त आम्लधर्मी होते, आणि घातक गोष्ट अशी, की त्या वेळी ग्लुकोमीटरवरचा आकडा फारसा वाढलेला नसतो. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप आणि विलक्षण थकवा जाणवल्यास साखर ठीक आहे म्हणून घरी न थांबता रुग्णालय गाठावे आणि घेत असलेल्या गोळीचे नाव तेथे आवर्जून सांगावे. टाइप १ मधुमेह असलेल्यांनी, गर्भवतींनी आणि मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी हा आहार स्वतःच्या मनाने मुळीच करू नये.

ज्यांना किटो करायचाच आहे, त्यांनी आधी मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे सांगणारे क्रिएटिनिन, कोलेस्टेरॉल आणि डोळ्यांचा पडदा तपासून घ्यावा, गोळ्यांची यादी डॉक्टरांपुढे ठेवावी आणि कोणती गोळी केव्हा कमी करायची हे लिहून घ्यावे. ज्यांना इतके कडक पथ्य झेपणार नाही, त्यांनी दोन भाकऱ्यांची एक करून पालेभाजी आणि उसळ वाढवली, चहातली साखर बंद केली, तरी तीन महिन्यांनी एचबीए१सीमध्ये फरक दिसू शकतो. आणि किटो सोडतानाही डॉक्टरांना कळवायचे असते, कारण गणपतीत मोदक आणि वरणभात पुन्हा सुरू होतात, कमी केलेली गोळी मात्र कमीच राहते, आणि दसऱ्यापर्यंत साखर पुन्हा चढलेली असते. नमस्कार.