फादर, तुम्ही म्हणाल तसं
(ऑनलाइन ईशज्ञान शिकण्याविषयी इंदूर येथे मराठी श्रोत्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, धर्मग्रामाच्या, म्हणजे एका चर्चभोवतीच्या कॅथलिक समुदायाच्या, पॅरिशच्या, सल्लागार मंडळाची बैठक पाहिलीय कधी? रविवारच्या मिस्सेनंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, मागच्या हॉलमध्ये भरते. इंदूर असल्यामुळे पोहे-जलेबी आधी येते, विषयपत्रिका नंतर. सणाचा मंडप कुणाला द्यायचा यावर पाऊण तास जातो. मग फादर वर्षाचा आराखडा वाचतात आणि सगळे एका सुरात म्हणतात, "फादर, तुम्ही म्हणाल तसं." यात आदर आहेच, पण सुटकाही आहे. विषयच कळलेला नसतो, तर बोलणार काय?

ऑनलाइन ईशज्ञान, म्हणजे ख्रिस्ती धर्मशास्त्र, शिकावं की नाही, असं मला विचारतात तेव्हा मला ही बैठक आठवते. 1983 ची धर्मसंहिता, म्हणजे कॅथलिक चर्चचा कायदा, काय म्हणते बघा. कलम 536 प्रमाणे या मंडळाला फक्त सल्ला द्यायचा अधिकार आहे, निर्णयाचा नाही. पण कलम 229 म्हणतं की प्रापंचिकांना, म्हणजे धर्मगुरू नसलेल्या सामान्य भाविकांना, ईशज्ञान शिकण्याचा, अगदी पदव्या घेण्याचाही हक्क आहे. आणि कलम 212 तर पुढे जाऊन सांगतं की ज्याच्यापाशी ज्ञान आणि पात्रता आहे, त्याने ख्रिस्तसभेच्या, म्हणजे चर्चच्या, भल्याबद्दल आपलं मत धर्माधिकाऱ्यांना सांगणं हा हक्क आहे, प्रसंगी कर्तव्यही. ही तीन कलमं एकापाठोपाठ वाचा. ज्याचं मत मोजलं जात नाही, त्याच्या शब्दाला वजन यायचं ते अभ्यासानेच.

आमच्याबरोबर शिकणारी एक बाई रात्री ओटा आवरून झाला की मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून वर्गात बसायची. घरात मराठी, मिस्सा हिंदीत, अभ्यासक्रम इंग्रजीत. वहीत तिन्ही भाषांची खिचडी. तिने कलम 537 वाचलं: अर्थसमिती प्रत्येक धर्मग्रामात असायलाच हवी, तिथे ऐच्छिक काही नाही. पुढच्या बैठकीत तिने साधेपणाने विचारलं, "फादर, आपली अर्थसमिती कोणती? हिशेब बघता येईल का?" फादरांनी रजिस्टर काढून दिलं, बहुधा त्यांनाही बरंच वाटलं असावं. त्यात दिसलं की जनरेटरचं डिझेल सगळ्यात जास्त जळतं ते हॉल लग्नाला भाड्याने दिलेल्या दिवशी, आणि भाड्यात त्याचा हिशेबच धरलेला नाही. भाडं वाढलं. याला मी सहकार्याचं नेतृत्व म्हणते. त्यात कुणी कुणाच्या खुर्चीवर बसलं नाही.

वरूनही वारं त्याच दिशेने वाहतंय. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये रोमच्या सिनॉडमध्ये, म्हणजे बिशपांच्या जागतिक सभेत, स्त्रियांनी पहिल्यांदा मतदान केलं. याच सिनॉडच्या 2024 च्या अंतिम दस्तऐवजात मागणी आहे की अशी सहभागी मंडळं सक्तीची व्हावीत आणि 'फक्त सल्ला' या शब्दयोजनेचा फेरविचार व्हावा. फेरविचार कधी होईल तो होवो. तोवर आपण पोहे खात बसायचं का?

इंदूरकरांना लांबचं उदाहरण कशाला? धर्मभगिनी सिस्टर राणी मारिया इंदूरजवळच्या उदयनगरच्या परिसरात काम करत होत्या. सावकारी पाशातल्या आदिवासींना त्यांनी हक्कांची जाणीव दिली, एकत्र आणलं, आणि त्यामुळेच 25 फेब्रुवारी 1995 रोजी त्यांची हत्या झाली. 2017 साली इथेच, इंदूरमध्ये, त्यांना धन्य, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवर, घोषित केलं. त्या धर्मगुरू नव्हत्या, पण नेतृत्वात त्या कुठे कमी पडल्या?

आता व्यवहाराचं. पूर्वी ईशज्ञान म्हणजे सेमिनरी, धर्मगुरू घडवणारं विद्यालय. श्रीलंकेतल्या कँडीला 1893 मध्ये सुरू झालेली पेपल सेमिनरी 1955 मध्ये पुण्याला आली. तिथे जाऊन राहायचं, आणि तेही पुरोहित होणाऱ्यांनी. नोकरी-संसार सांभाळणाऱ्याला ते शक्यच नव्हतं. आज घरबसल्या होतं, म्हणूनच फी भरण्याआधी एक गोष्ट विचारा: ही पदवी व्हॅटिकनच्या मान्यतेची आहे, की संस्थेचं स्वतःचं प्रमाणपत्र? दोन्ही चांगली असू शकतात, पण उद्या सेमिनरीत शिकवायचं असेल तर फरक पडतो. बायबल आणि ख्रिस्तसभेचा इतिहास सगळेच शिकवतात. धर्मसंहिता आणि सामाजिक शिकवण आहे का, तेवढं बघा. 1891 च्या 'रेरुम नोव्हारुम' या पोपच्या परिपत्रकापासूनची कामगारांविषयीची शिकवण इथल्या जवळच्या पिथमपूरच्या कारखान्यात जाणाऱ्या माणसाला फार जवळची वाटेल. आणि पडद्यावर न शिकता येणारी गोष्ट म्हणजे दुखवट्याच्या घरी जाऊन गप्प बसणं. त्यासाठी एखाद्या अनुभवी धर्मभगिनीच्या मागे मागे फिरावं लागतं.

फादर मंडळी पुढच्या रांगेत बसली आहेत म्हणून मुद्दाम सांगते. प्रापंचिकांना कोर्सला पाठवून आपण मोकळे झालो, असं कृपा करून समजू नका. सहकार्य शिकायची गरज दोघांनाही आहे. एखाद्या सत्रात तुम्हीही विद्यार्थी म्हणून नाव घाला, कॅमेरा चालू ठेवा, आणि हिशेबाचं रजिस्टर बैठकीच्या आधी आठवडाभर सगळ्यांना वाचायला द्या.