एकाक्ष सेनापतीचे पाठांतर

आर्चिबाल्ड वेव्हेल यांचे नाव आपल्याकडे निघते ते व्हॉइसरॉय म्हणून, १९४५च्या सिमला परिषदेच्या संदर्भात. त्याआधी दुसऱ्या महायुद्धात कैरोहून ब्रिटिश फौजांची सूत्रे हलवणाऱ्या या सेनापतीला असंख्य कविता मुखोद्गत होत्या, हे मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते.

त्यांनी सर्वांत आधी पाठ केली ती मेकॉलेची होरेशियस या रोमन वीरावरची दीर्घ कविता. ती अथपासून इतिपर्यंत म्हणून दाखवली की आत्या-मावश्या कौतुकाने तीन पेन्स हातावर ठेवत. एका चतुर काकांनी मात्र ती न म्हणण्याच्या बोलीवर सहा पेन्स दिले, अशी आठवण त्यांनीच लिहून ठेवली आहे.

पहिल्या महायुद्धात, १९१५मध्ये, बेल्जियममधील ईप्रच्या रणभूमीवर त्यांचा डावा डोळा गेला. पुढचे सारे वाचन उरलेल्या एका डोळ्याने झाले, पण ते आटले नाही. एका व्याख्यानात त्यांनी सेनाधिकाऱ्यांना युद्धशास्त्राच्या सूत्रांपेक्षा चरित्रे आणि आठवणी वाचायला सांगितल्या. १७९६ची इटलीतील मोहीम नेपोलियनने कोणत्या डावपेचांनी जिंकली हे घोकून फारसे काही हाती लागत नाही. एका अपरिचित तरुणाने उपाशी, फाटक्या, बंडाच्या बेतात असलेल्या सैन्यात प्राण कसे फुंकले, हे उमगले तरच वाचन कारणी लागले, असे त्यांचे म्हणणे होते. १९४०मध्ये, लिबियाच्या वाळवंटातील मोहिमेची जबाबदारी डोक्यावर असताना, त्यांनी लिहिलेले ॲलनबी या आपल्या जुन्या सेनापतीचे चरित्र प्रसिद्ध झाले. त्या मोहिमेत दोनेक महिन्यांत सुमारे १ लाख ३० हजार इटालियन सैनिक कैद झाले.

चारचौघांत वेव्हेल इतके कमी बोलत की समोरचा माणूस अवघडून जाई. चर्चिल यांच्याशी त्यांचे सूत जुळले नाही, त्यात या अबोलपणाचाही वाटा होता. या अबोल माणसाने १९४४मध्ये, दिल्लीत व्हॉइसरॉय असताना, एक जाडजूड काव्यसंग्रह प्रसिद्ध केला. त्यात घेतलेल्या कविता एके काळी तरी त्यांना तोंडपाठ होत्या. ब्राउनिंग आणि किपलिंग या इंग्रज कवींना त्यात झुकते माप आहे. निवड जुन्या वळणाची आहे, आणि नवकवींशी त्यांचे जमत नसे, हे मान्य करायला हवे.

संग्रहाचे नाव होते ‘इतरांची फुले’ अशा अर्थाचे. अगदी शेवटी त्यांनी स्वतःचे एक सुनीत ठेवले, आणि रस्त्याकडेला उगवलेले आपले एक लहानसे रानफूल, अशी त्याची ओळख करून दिली.