जायफळाची कॉफी

उन्हाळा सरत आला की अमेरिकेतल्या स्टारबक्समध्ये ‘पम्पकिन स्पाइस लाटे’ ही दुधाळ कॉफी येते. सुरुवात २००३ सालची. नावात लाल भोपळा, पण २०१५ पर्यंत त्या पेयात भोपळा नव्हताच! होता तो भोपळ्याच्या ‘पाय’ नावाच्या तिकडच्या गोड पदार्थात घालतात तो मसाला : दालचिनी, सुंठ, लवंग आणि जायफळ. हंगाम संपला की ती फलकावरून उतरते. ‘आहे तोवर पिऊन घ्या’ ही तिची निम्मी चव. एकदा गंमत म्हणून जरूर प्यावी. पुन्हा प्यावीशी वाटेपर्यंत ती गेलेली असते.

आता या पुण्यातल्या स्वयंपाकघरात या. दुपारचे चार वाजलेत. महिना कुठलाही धरा.

पातेल्यात दूध तापतंय. साखर पडलीसुद्धा, किती घालू, असं इथे कुणी विचारत नाही. कॉफी थोड्या गरम दुधात कालवून वर ओतली. आणि आता मिसळणाच्या डब्यामागच्या बरणीतून हे जायफळ निघालं. एका बाजूने घासून घासून सपाट झालेलं, आत तपकिरी रेषांची नक्षी. बारीक किसणीवर ते हलक्या हाताने फिरतंय.

“आजी, किती घालायचं गं?”

“वास आला की थांबायचं.”

जास्त झालं तर कॉफी कडवट होते, आणि झोप येते म्हणतात ते वेगळंच. उरलेलं जायफळ परत बरणीत. एक आणलं की महिनोन्‌महिने पुरतं.

फिल्टर कॉफीवाले या प्रकाराला नाक मुरडतात. कॉफीची चव जायफळाखाली दबते, हा त्यांचा आक्षेप खरा आहे. पण हे घर मुळात चहाचं. इथे कॉफी होते ती कुणाचा उपास असला, डोकं चढलं किंवा जावई आले तर. कडूपणाचं कौतुक करायला इथे कुणी कॉफी पीत नाही.

जायफळ मूळचं इंडोनेशियातल्या बांदा बेटांवरचं. आता ते कोकणात, नारळ-पोफळीच्या सावलीत वाढतं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण सुगंधा’, ‘कोकण स्वाद’ अशा त्याच्या जातीही काढल्या. पिकलं की फळ आपणच उकलतं. आत लालभडक जायपत्रीची जाळी, तिच्या आत टणक कवच आणि त्यात आपलं जायफळ. जायपत्री मसाल्यात जाते, वरच्या सालीचं लोणचं घालतात.

म्हणजे परदेशातल्या त्या पाटीवर जो वास वर्षातून एकदा मिरवतो, तो इथल्या पुरणपोळीत आहे, श्रीखंडात आहे, कोजागरीच्या दुधात आहे, आणि साध्या मंगळवारच्या कॉफीतही आहे. त्याची जाहिरात कुणी केली नाही.

सोबत खारी घ्या. बुडवताना तुकडा तळाशी जातोच; तो चमच्याने काढून खायचा.

आणि हो, बाजारातून जायफळाची पूड आणू नका, वास पटकन उडतो. अख्खं घ्या, हाताला जड लागेल असं. भोक दिसलं तर किडलंय, दुसरं मागा.