डाव्या वळणावर बंद पडणारी गाडी

मनालीहून लेहला जाताना सरचू सोडलं की गाटा लूप्स लागतात. 21 वळणांची चढण. तिथं माझी मोटरसायकल बंद पडायची, पण फक्त डाव्या वळणावर. उजवीकडे काही नाही, सरळ रस्त्यावर काही नाही. डावीकडे हँडल पूर्ण वळवलं की गप्प.

सोबत पाच जण, त्यामुळे निदानंही पाच. एक म्हणाला, हाइटमुळे होतंय. दुसरा म्हणाला, पेट्रोलमध्ये पाणी असणार. तिसऱ्यानं तोवर प्लगपाना बाहेर काढला होता. तासभर आम्ही प्लग काढतोय, पुसतोय, बसवतोय. हवा विरळ असली तरी ती डावं-उजवं बघत नाही, एवढं साधं कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

गाडी बंद पडली की चावी बंद न करता आधी मीटरकडे बघा. न्यूट्रलचा हिरवा दिवा लागतोय, हॉर्न वाजतोय आणि नुसतं इंजिन बंद आहे, तर किल स्विच (हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण), साइड स्टँडचा स्विच, पेट्रोल, प्लग या बाजूला शोधायचं. किल स्विच हसण्यावारी नेऊ नका. हातमोज्याचा अंगठा लागून तो बंद झालेला मी बऱ्याच वेळा पाहिलाय. पण मीटरच काळा झाला, तर पेट्रोलचा नाद सोडा. बॅटरीपासून चावीपर्यंत कुठंतरी करंट तुटलाय. माझा मीटर दर वेळी काळा होत होता आणि मी टाकी हलवून पेट्रोलचा आवाज ऐकत होतो.

शेवटी गाडी मधल्या स्टँडवर घेतली, चावी चालू केली आणि हँडल हळूहळू डावीकडे नेलं. एका जागी हिरवा दिवा गेला. उजवीकडे आणलं, आला. माझ्याकडे टेस्ट लॅम्प होता, म्हणजे इंडिकेटरचा जुना बल्ब आणि त्याला जोडलेल्या दोन वायरी. एक टोक बॅटरीच्या मायनसला धरलं, दुसरं प्लसला. लागला. फ्यूजच्या दोन्ही बाजूंना लागला. चावीच्या कपलरमध्ये, म्हणजे वायरी जोडणाऱ्या प्लास्टिकच्या खोबणीत, येणाऱ्या लाल वायरीला लावला आणि हँडल वळवलं, तर विझला. मग ती वायर बोटांत धरून हलकेच ओढली. वरचं प्लास्टिक अगदी धड होतं, पण चेसिसच्या मानेपाशी, म्हणजे हँडल जिथं फिरतं तिथं, ती रबरासारखी लांबली. आत तांबं तुटलेलं. तुटलेली टोकं एरवी एकमेकांना टेकायची, वळवलं की सुटायची.

ती तुटली कशानं? निघायच्या आदल्या दिवशी मी फॉग लॅम्प बसवून घेतले होते. बसवणाऱ्यानं सगळा वायरींचा जुडगा मानेपाशी झिप टायनं करकचून आवळला. तिथं हँडल वळायला ढील लागते, ती राहिलीच नाही. घाई माझीच होती, त्यामुळे नुसता त्याला बोल लावणार नाही. पण प्रवासाच्या आदल्या दिवशी गाडीत नवीन काही बसवू नका. जुनी भानगड निदान ओळखीची असते.

आता चार्जिंग. काही तास उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवत असेल तर ती भरलेली आहे. 12 च्या खाली असेल तर उतरलेली. इंजिन चालू करून रेस दिली की बॅटरीला लावलेला व्होल्टमीटर 13.8 ते 14.5 च्या दरम्यान जायला हवा. तिथं 12.3 वरच रेंगाळला, तर नवी बॅटरी घेऊन उपयोग नाही. वीज तयार करणारी मॅग्नेट कॉइल, ती वीज बॅटरीला चालेल अशी करणारा रेक्टिफायर किंवा त्यांच्या मधला कपलर, यांतलं काहीतरी गेलंय. आधी कपलर उघडा, जळून तपकिरी झालेला असू शकतो. 15 च्या वर गेला तर रेक्टिफायर गेला, आणि तो बॅटरीही घेऊन जाणार.

चार्जिंग पूर्ण बंद पडलं तर किती जाता येईल? 8 अँपिअर-अवरची बॅटरी आणि 55 वॅटचा हेडलाइट धरा. एकटा हेडलाइट साडेचार अँपिअर खातो. जवळपास तेवढंच फ्युएल पंप आणि इग्निशन. म्हणजे कागदावरसुद्धा तास भरत नाही. एप्रिल 2017 पासूनच्या गाड्यांना हेडलाइट बंद करायचं बटणच नाही, तेव्हा दिवसा हेडलाइटच्या मागचा कपलर काढून ठेवा, वेळ दुपटीच्या आसपास जाईल. इंजिन मात्र बंद करू नका. कार्ब्युरेटरची गाडी बऱ्याचदा धक्का मारून सुरू होते; इंजेक्शनच्या गाडीला पंप फिरवायलाच करंट लागतो, बॅटरी पार मेली की धक्का मारणाऱ्याला नुसता घाम फुटतो.

फ्यूज उडाला तर तेवढ्याच अँपिअरचा घाला. चांदीच्या कागदाचा जुगाड करणाऱ्याची वायरिंग जळते, आणि ती नेमकी पेट्रोलच्या टाकीखालून जाते.

माझी ती लाल वायर आम्ही तिथंच कापली, वीतभर तुकडा मध्ये पिळून जोडला, टेप गुंडाळली. त्यावर लेह, श्रीनगर आणि मग पुणे. जोड आजही तसाच आहे. गाडी बाहेर उभी आहे, चहाच्या वेळी टाकी उचलून दाखवतो. नीट सोल्डर करून घ्यायचं दर पावसाळ्याआधी ठरवतो, आणि मग पाऊस येतो.