पाउन्स : झडपेच्या आधीचं नख

नमस्कार! इंग्रजीत उडीसाठी जंप आहे, लीप आहे, स्प्रिंग आहे. तरी मांजर उंदरावर तुटून पडतं, तेव्हा नेमका शब्द लागतो ‘पाउन्स’. का? कारण हा शब्द पायांतून आलेलाच नाही. तो आलाय नखांतून.

(बोटं वाकवून पंजा कॅमेऱ्यासमोर)

15व्या शतकातल्या इंग्रजीत पाउन्स हे नाम होतं : शिकारी पक्ष्याचं नख. ससाणे पाळणारे तर पुढच्या बोटांच्या नखांना पाउन्स म्हणत आणि मागच्या नखाला टॅलन. टॅलन म्हणजे फ्रेंचमध्ये टाच, म्हणून ते मागचं. क्रियापद आलं 17व्या शतकाच्या उत्तरार्धात. आधी अर्थ होता नखांत पकडणं, मग वरून झेपावून पकडणं. पुढे पंख नसलेली मांजरं आणि कोल्हेही पाउन्स करू लागले.

नखाला हे नाव कुठून मिळालं? शब्दकोशांचा कल आहे जुन्या फ्रेंचमधल्या टोकदार हत्याराच्या नावाकडे, आणि त्यामागे लॅटिनमधलं ‘टोचणं’. तसं असेल तर आपलं रोजचं ‘पंक्चर’ याच घराण्यातलं. मला हे नातं फार आवडतं, कारण पाउन्समधलं टोक त्यात अजून जाणवतं.

आता वापर. पाउन्स म्हणजे झेप नव्हे, झडप. झेप मोकळ्या आकाशातही घेता येते. झडप मात्र कुणावर तरीच घालावी लागते. मराठीतला हा ‘वर’ इंग्रजीत ‘ऑन’ होतो : द कॅट पाउन्स्ड ऑन द माउस. ‘पाउन्स्ड द माउस’ ही सर्रास होणारी चूक, ‘ऑन’ गाळू नका. बेडूक तळ्यात उडी मारतो तिथे पाउन्स चालणार नाही, कारण पकडायचं काहीच नाही. ‘रेडी टु पाउन्स’ मध्ये ‘ऑन’ नाही, पण दबा धरलेल्या जनावरासमोर सावज असतंच.

माणसांबद्दलही चालतं. विरोधकाची चूक सापडताच तुटून पडणं, चांगली संधी दिसताच ती पटकावणं, दोन्ही पाउन्स ऑन. पण पडणाऱ्याला सावरायला कुणी धावलं, तर हा शब्द नको. त्यात शिकाऱ्याचा वास आहे.

उच्चार : पाउन्स, एका झटक्यात. भूतकाळात शेवटी ‘ट’ ऐकू येतो, पाउन्स्ट, ‘पाउन्सेड’ नाही. आणि चेंडू करतो तो बाउन्स, ‘ब’ने.

जुन्या लेखनसाहित्याबद्दल वाचताना शाई पसरू नये म्हणून कागदावर भुरभुरवायची पाउन्स नावाची पूड भेटेल. तो शब्द वेगळा. त्याचं मूळ प्यूमिस दगडाच्या लॅटिन नावात आहे, नखांशी त्याचा काही संबंध नाही.